वासरू दूध मागे ठेवते, खुराक हुंगून सोडते, कोपऱ्यात पडून राहते : कारण शोधण्याचा क्रम

लक्षणे

तक्रार बहुधा एकाच शब्दांत येते : "कालपर्यंत उड्या मारत होतं, आज नुसतं पडून आहे." प्रत्यक्ष गोठ्यात गेल्यावर मात्र असे दिसते की, बदल कालपासूनचा नसून दोन-तीन दिवस आधीच सुरू झालेला होता आणि तो कोणाच्या नजरेत भरलेला नव्हता. खालीलपैकी दोन किंवा अधिक गोष्टी एकत्र दिसल्या, तर पुढील तपासण्या त्याच दिवशी कराव्यात.

- बादलीचा आवाज ऐकूनही वासरू उठत नाही, त्याला उठवावे लागते.
- एका दमात दूध संपवणारे वासरू मध्येच मान वर करते, थांबते, पुन्हा प्यायला लागते किंवा तळाशी दूध सोडते.
- खुराकाला तोंड लावते, पण सकाळी ठेवलेली रास संध्याकाळी जवळपास तशीच असते.
- एक किंवा दोन्ही कान खाली पडलेले असतात, पाठीला बाक येतो, नाकाडे कोरडे पडते.
- इतर वासरे एकत्र असताना हे एकटेच भिंतीकडे तोंड करून उभे राहते.
- माती, भिंत, दावे किंवा दुसऱ्या वासराची बेंबी चाटत राहते.
- वारंवार उठते, बसते, मागे वळून पोटाकडे पाहते किंवा पोटावर लाथ मारते.

शेवटचे लक्षण इतरांच्या उलट दिशेचे आहे, हे ध्यानात घ्यावे. हालचाल वाढणे हेही दुखण्याचे लक्षण असू शकते. उलटपक्षी, पहिल्या काही आठवड्यांत निरोगी वासरू दिवसाचे १६ ते १८ तास पडूनच असते, त्यामुळे "पडून आहे" एवढ्यावरून काहीच ठरत नाही. ते उठते कसे आणि उठल्यावर करते काय, यावरून ठरते.

हा क्रम जन्मापासून साधारण सहा महिन्यांपर्यंतच्या वासरांसाठी आहे. सातारा, सांगली, अहिल्यानगर या पट्ट्यात माझ्या नजरेखालून जाणारी बहुतेक वासरे होलस्टीन आणि जर्सी संकरित असतात. देशी वासरांना आणि म्हशीच्या पारड्यांनाही हेच लागू पडते, फक्त जंतांच्या बाबतीत पारड्यांचा वेगळा विचार करावा लागतो, तो पुढे येईलच.

दूध संपवले म्हणजे वासरू बरे आहे, असे नाही

सर्वाधिक फसगत येथे होते. आपल्याकडे बहुतेक गोठ्यांवर वासराला सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन लिटर असे मोजके दूध मिळते. इतक्या दुधावर वासरू कायम थोडे भुकेलेलेच असते, आणि भुकेलेले वासरू ताप असतानाही बादली रिकामी करते. त्यामुळे मालक सांगतो की दूध व्यवस्थित पितो, आणि तो खोटे बोलत नसतो. अशा गोठ्यात किती प्यायले यापेक्षा किती वेळात प्यायले आणि प्यायल्यानंतर काय केले, हे पाहावे. निरोगी वासरू दूध संपल्यावरही बादलीला धडका देते, निपल चोखत राहते, शेजारच्याचे कान तोंडात धरते. आजारी पडू लागलेले वासरू दूध संपताच मागे सरते आणि लगेच बसते. ज्यांच्याकडे वासरांना भरपूर दूध दिले जाते, त्यांना मात्र प्रमाण घटल्याचे लवकर दिसते.

म्हणून तपासणीला लागण्यापूर्वी एक वही करावी, आणि ती दुधाच्या हिशेबाच्या वहीपेक्षा वेगळी असावी. प्रत्येक वासराला एक ओळ द्यावी. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचे शेवटचे चार अंक लिहून पुढे दूध पिण्यास लागलेला वेळ, उरलेला खुराक, शेण आणि उठण्याची पद्धत एवढ्या चार गोष्टी सकाळ-संध्याकाळ नोंदवाव्यात. "ठीक" हा शब्द वहीत नको, कारण त्यातून दुसऱ्या दिवशी काहीच ताडून पाहता येत नाही. वासराची तुलना शेजारच्या धष्टपुष्ट वासराशी करू नये. त्याची तुलना त्याच्याच परवाच्या नोंदीशी करावी. गळ्यातील पट्टे आणि पायातील पावले मोजणारी यंत्रे आता मिळतात, परंतु त्यांतील बरीचशी मोठ्या गाईंचा माज ओळखण्यासाठी बनवलेली असल्याने त्यांचे इशारे लहान वासरांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. दहा-पंधरा वासरांच्या गोठ्यात वहीने भागते, असे माझे मत आहे.

पहिली तपासणी : लांबून पाहणे

यास खर्च नाही, पण शिस्त लागते. दूध पाजण्याच्या वेळेच्या अर्धा तास आधी, हातात बादली न घेता, वासरांना दिसणार नाही अशा अंतरावर दहा मिनिटे उभे राहावे. माणूस जवळ गेला की आजारी वासरूही भीतीने उठते आणि खरी स्थिती झाकली जाते. त्यानंतर जवळ जाऊन एकेकाला उठवावे. निरोगी वासरू आधी मागचे पाय सरळ करते, मग पुढचे उचलते, आणि उभे राहिल्यावर पाठ खाली दाबून, मान लांब करून, शेपटी किंचित उचलून अंग ताणते. बहुतेक वेळा लगेच लघवी करते. हे अंग ताणणे ज्या दिवशी बंद झाले, त्या दिवशी वहीत खूण करावी. माझ्या अनुभवात इतके लवकर आणि इतके खरे बोलणारे दुसरे लक्षण नाही, आणि ते बादलीतल्या दुधात कधीच दिसत नाही.

त्याच वेळी रवंथ पाहावा. खुराक आणि चारा सुरू झालेले वासरू तिसऱ्या आठवड्याच्या आसपास रवंथ करू लागते. महिनाभराचे वासरू निवांत बसलेले असूनही तोंड हलवत नसेल, तर त्याने काल काही खाल्लेच नसावे किंवा पोटात काही बिनसले असावे.

दुसरी तपासणी : बादली, बाटली आणि दूध

वासराला हात लावण्यापूर्वी भांड्यांना हात लावावा, कारण येथील दोष सापडला तर एका रुपयाच्याही औषधाची गरज पडत नाही. निपल काढून उजेडाकडे धरावे. नव्या निपलची चीर बाटली उलटी केली तरी थेंबथेंब गळेल इतकीच असते. जुने निपल चावून चावून फाटलेले असते, किंवा दूध पाजण्याचे काम लवकर उरकावे म्हणून कोणीतरी चीर ब्लेडने मोठी केलेली असते. धार लागणाऱ्या निपलातून वासराला चोखावे लागत नाही, गिळावे लागते, आणि त्यातून दूध श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. चोखण्यामागे आणखी एक कारण आहे. वासराच्या पोटाचे चार कप्पे असतात, त्यांतला पहिला म्हणजे मोठे पोट. अन्ननलिकेच्या शेवटी एक खाच असते. चोखताना ती मिटून तिची नळी होते आणि दूध मोठ्या पोटाला वळसा घालून थेट चौथ्या पोटात जाते. दूध थंड असेल, घाईने ओतले असेल किंवा वेळ रोज बदलत असेल, तर ही खाच नीट मिटत नाही, दूध मोठ्या पोटात सांडते आणि तेथे आंबते. अशा वासराचे पोट दूध प्यायल्यावर डावीकडे फुगते, शेण मातकट व चिकट होते, आणि दोन-चार दिवसांत त्याची खुराकावरची वासना उडते.

यासाठी दुधाचे तापमान तोंडाजवळ मोजावे, गाईच्या सडाजवळ नव्हे. दूध पाजताना ते ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असावे. गाय पिळून, डेअरीचे कॅन भरून, गाडी निघून गेल्यावर राहिलेले दूध वासराला पाजायचे, ही पद्धत सर्रास आहे. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तेवढ्या वेळात स्टीलच्या बादलीतले दूध पार निवते. वासराचे दूध आधी बाजूला काढून लगेच पाजणे, किंवा गरम पाण्याच्या घमेल्यात बादली ठेवून ते कोमट करणे, इतकाच उपाय आहे. दुधाची पावडर वापरत असाल तर ती पाकिटावरील प्रमाणाप्रमाणे वजन करून घ्यावी. ओंजळीने घेतलेली पावडर सकाळी घट्ट आणि संध्याकाळी पातळ होते. दगडी (कासेची सूज) झालेल्या सडाचे किंवा प्रतिजैविक चालू असलेल्या गाईचे दूध "टाकून कशाला द्यायचे" म्हणून वासराला पाजले जाते, तेही येथेच तपासावे आणि थांबवावे.

बादलीचा वास घ्यावा. आतल्या कडेला बोट फिरवून बुळबुळीत लागले, तर ती आधी साध्या पाण्याने, मग साबणाच्या गरम पाण्याने घासून उन्हात पालथी ठेवावी. एकच बादली सर्व वासरांना फिरत असेल तर आजारी वासरू शेवटी पाजावे.

तिसरी तपासणी : पाणी

"दूध पितो, मग पाणी कशाला" हा समज इतका घट्ट आहे की, यावर मला दर हंगामात वाद घालावा लागतो. दूध चौथ्या पोटात जाते. मोठ्या पोटात खुराक कुजवणाऱ्या जंतूंना लागणारे पाणी त्यातून मिळत नाही. वासरू खुराक खात नाही अशी तक्रार असलेल्या गोठ्यात स्वच्छ पाण्याची बादली दिवसभर समोर ठेवली, तर कित्येकदा दुसऱ्या काही उपायाची गरज राहत नाही. पाण्याची बादली खुराकापासून थोडी दूर असावी, नाहीतर ओल्या तोंडाने खुराक भिजतो आणि आंबतो.

चौथी तपासणी : खुराक, चारा आणि गव्हाणीतली जागा

खुराक मुठीत घेऊन दाबावा. गोळा झाला, गरम लागला किंवा त्याला कुबट वास आला, तर तो मोठ्या गाईंनाही घालू नये. पावसाळ्यात पोते जमिनीवर आणि भिंतीला टेकून ठेवलेले असते, तेथून बुरशी सुरू होते. उरलेला खुराक दररोज काढून, मोजून, नवा घालावा. कालच्यावर आजचा ओतत राहिल्यास वासराने किती खाल्ले हे कोणालाच कळत नाही. दुसऱ्या आठवड्यात मूठभर, आणि दूध तोडण्याच्या सुमारास रोज सुमारे एक किलो, असा खुराक वाढत गेला पाहिजे. सलग तीन दिवस एक किलोच्या आसपास खाल्ल्याशिवाय दूध तोडू नये. दूध तोडल्यानंतरच्या आठवड्यात मलूल पडलेल्या वासरांपैकी अनेकांचे दुखणे एवढेच असते की, वय झाले म्हणून दूध बंद केले आणि पोट अजून खुराकाला तयार नव्हते. अशा वेळी काही दिवस दूध पुन्हा सुरू करण्यात कमीपणा नाही.

चाऱ्यात काय बदलले हे विचारावे. गळीत हंगामात उसाचे वाढे फुकट मिळते म्हणून लहान वासरांपुढेही त्याचाच ढीग पडतो. त्यांचे पोट वाढ्याने भरते आणि खुराकाला जागा उरत नाही. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांनी किराळ लागते, म्हणजे त्यांतले विष बाधते, हे जुन्या माणसांना ठाऊक आहे, पण मुक्त गोठ्यातून सुटलेली कालवड बांधावर काय खाऊन आली हे कोणी पाहिलेले नसते. ती अचानक धापा टाकू लागली किंवा अडखळून पडली, तर हा क्रम सोडून थेट डॉक्टरांना बोलवावे.

मुक्त संचार गोठ्यात आणखी एक गोष्ट घडते. सर्व वासरांची तोंडे एकाच वेळी गव्हाणीत बसत नसतील, तर मोठी आधी खातात आणि सर्वांत लहान वासरू लांब उभे राहते. ते आजारी नसते, हटवलेले असते. त्याला दोन दिवस वेगळे ठेवून खुराक द्यावा. तुटून पडून खाल्ला तर निदान झाले.

पाचवी तपासणी : बसण्याची जागा

गुडघ्यावर बसून वासराच्या नाकाच्या उंचीवर श्वास घ्यावा. आपले डोळे चुरचुरले तर वासराच्या फुप्फुसांना तोच त्रास चोवीस तास होत आहे; उभ्या माणसाच्या नाकाला मुताचा हा उग्र वास तितकासा जाणवत नाही. त्याच गुडघ्यांवर कपडा ओला झाला तर अंथरूण बदलावे.

सहावी तपासणी : थर्मामीटर आणि श्वास

साधा डिजिटल थर्मामीटर प्रत्येक गोठ्यात असलाच पाहिजे, आणि तो घरातल्या माणसांसाठी वापरू नये. टोकाला थोडे तेल लावून गुदद्वारात आतल्या भिंतीला टेकेल असा तिरका धरावा. शेणाच्या गोळ्यात खुपसला तर आकडा चुकीचा येतो. वासराचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. सकाळी, सावलीत, दूध पाजण्यापूर्वी मोजावे. १०३ च्या वर गेले तर लक्ष ठेवावे. मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याखाली १०३ दिसले, तर वासरू सावलीत व वाऱ्यावर नेऊन तासाभराने पुन्हा मोजावे, कारण ती उन्हाची तलखी असू शकते. १०० च्या खाली आलेले तापमान मात्र कोणत्याही ऋतूत गंभीरच आहे. कान व पाय थंडगार पडलेले वासरू "ताप नाही" म्हणून सोडून देणे ही या कामातली सर्वांत महागडी चूक ठरते.

वासरू निवांत पडलेले असताना बरगड्यांची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. २० ते ४० श्वास सामान्य समजावेत. थंड वेळी विश्रांतीत असूनही ६० च्या पुढे आकडा गेला, तर फुप्फुसाचा आजार गृहीत धरावा.

सातवी तपासणी : शेण, कातडी, बेंबी, गोचीड

शेण पातळ असेल तर मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती दोन सेकंदांत पूर्ववत झाली तर पाण्याची कमतरता थोडी आहे. त्याहून अधिक वेळ उभी राहिली, डोळे आत गेले, हिरड्या चिकट झाल्या, तर कमतरता बरीच आहे. स्वच्छ बोट तोंडात घालून पाहावे. वासरू जोराने चोखत असेल, तर वासरांसाठीचे क्षारांचे द्रावण बाटलीने देता येते. हे द्रावण दुधात मिसळू नये, कारण त्यातील सोड्यासारख्या घटकांमुळे दूध पोटात नीट फाटत नाही. दूध आणि द्रावण यांत दोन तासांचे अंतर ठेवावे. हगवण लागली की दूध पूर्ण बंद करण्याची पद्धत जुनी आहे, पण तिच्यामुळे आधीच अशक्त झालेले वासरू उपाशी राहते. चोखत असेल तोवर थोडे थोडे दूध चालू ठेवावे.

बेंबी चाचपावी. अंगठ्याहून जाड, गरम, दुखरी किंवा दुर्गंधी येणारी बेंबी, आणि त्यासोबत सुजलेले गुडघे, यांवर घरी उपाय नाही. गोचिडांसाठी कानाची आतली बाजू, शेपटीची मुळी आणि मांडीचा सांधा पाहावा. संकरित वासराला जोराचा ताप, खांद्यासमोरची गाठ सुजलेली आणि डोळ्याची आतली कड पांढरट, असे तिन्ही एकत्र दिसले तर गोचीड तापाची शंका धरून त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्यावी.

जंतांचे औषध वेळच्या वेळी दिले आहे का, हे वहीत पाहावे. म्हशीच्या पारड्यांत गोलजंत आईच्या दुधातूनच येतात, म्हणून त्यांना दहाव्या ते सोळाव्या दिवसाच्या सुमारास पहिली मात्रा द्यावी लागते. महिनाभर थांबल्यास पोट सुटलेले, मातीच्या रंगाचे घाण वासाचे शेण टाकणारे पारडू हाती राहते. मात्रा वजनावर ठरते, अंदाजावर नाही.

एकाच गोठ्यात दर वेळी पहिल्या दोन आठवड्यांतच वासरे आजारी पडत असतील, तर दोष बहुधा चिकाचा असतो. वार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही ही समजूत अजून टिकून आहे, आणि चांगला घट्ट चीक खरवसासाठी घरात जातो. रोगप्रतिकारक द्रव्ये आतड्यातून शोषण्याची वासराची क्षमता जन्मानंतर काही तासांतच घसरू लागते आणि २४ तासांच्या सुमारास संपते. पहिल्या दोन तासांत वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे ३० किलोच्या वासराला सुमारे तीन लिटर, चीक पोटात गेला पाहिजे. आजच्या आजारी वासराला याचा उपयोग नाही, पुढच्या वेताला आहे.

येथे थांबावे आणि डॉक्टरांना बोलवावे

वासरू उभे राहू शकत नसेल, बोट चोखत नसेल, तापमान १०४ च्या वर किंवा १०० च्या खाली असेल, शेणात रक्त असेल, डावी कूस ढोलासारखी फुगून श्वास कोंडत असेल, अथवा सलग दोन वेळचे दूध पूर्ण नाकारले असेल, तर पुढची एकही तपासणी घरी करू नये. न चोखणाऱ्या वासराच्या तोंडात बांबूच्या नळकांड्याने तेल, काढा किंवा दूध ओतल्यास ते फुप्फुसात जाते, आणि मूळ आजारातून वाचले असते असे वासरू त्याने मरते. घरात उरलेले प्रतिजैविक किंवा माणसांचे वेदनाशामक टोचू नये. डायक्लोफिनॅक तर जनावरांसाठी २००६ पासून भारतात बंद आहे, कारण ते दिलेल्या जनावराचे मढे खाऊन गिधाडे मेली.

जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना बंद असल्यास १९६२ या निःशुल्क क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी फोन करता येतो. फोनवर वासराचे वय, तापमान, एका मिनिटातील श्वास, शेवटचे पूर्ण दूध केव्हा प्यायले आणि आतापर्यंत कोणते औषध दिले, हे वहीतून वाचून सांगावे. वासरू उठतानाचा छोटा व्हिडिओ पाठवता आला तर डॉक्टरांना कोणती औषधे सोबत आणायची हे ठरवणे सोपे जाते. ते येईपर्यंत वासराला कोरड्या जागी, छातीवर बसलेल्या स्थितीत, दोन्ही बाजूंनी पेंढ्याचा आधार देऊन ठेवावे. थंडी असेल तर अंगावर गोणपाट टाकावे. त्याचे शेण उचलणाऱ्याने हात साबणाने धुतल्याशिवाय इतर वासरांना दूध पाजू नये, आणि लहान मुलांना त्या कोपऱ्यात जाऊ देऊ नये.